देणाऱ्यांच्या वहीतील नाव

शास्त्रभाग : २ करिंथ. ८:१-१५, मार्क १२:४१-४४



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील गावेच्या गावे झोपेतच दगडमातीखाली गाडली गेली. मी त्या वेळी धर्मविज्ञानाचा विद्यार्थी होतो आणि महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील मराठी मंडळीत रविवारी पाळकसाहेबांच्या मदतीस जात असे. भूकंपग्रस्तांसाठी मंडळीने वर्गणी गोळा करण्याचे ठरविले आणि वही व पेटी माझ्या हाती दिली. उपासनेनंतर मंदिराच्या व्हरांड्यात टेबल मांडून मी बसत असे.

मंडळीची आणखी एक वही होती, ती गरीब निधीची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या वहीतील दहाबारा नावांपुढे अंगठे उमटत व थोडी रक्कम दिली जाई. त्या नावांत एका विधवेचे नाव होते. चार घरची धुणीभांडी करून ती दोन नातवंडांचे पोट भरीत असे. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी ती माझ्या टेबलापाशी आली, पदराची गाठ सोडली आणि पाच रुपयांची नोट पुढे केली. मी हात आखडला. अगदी प्रेमाने म्हणालो, "मावशी, तुमचे राहू द्या. तुम्हालाच लागतील."

ती नोट तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "घेणाऱ्यांच्या वहीत माझं नाव हाय, ते ठाऊक हाय मला. देणाऱ्यांच्या वहीत एकदा लिहिलंस तर वही फाटंल का, लेकरा?"

पुढे अनेक वर्षांनी, शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत असताना, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय माझ्या वाट्याला आला. चौथ्या वचनापाशी आलो आणि ती मावशी पुन्हा टेबलासमोर उभी राहिली. त्या वचनात मासेदोनियातील बंधुभगिनी पौलाजवळ मोठ्या काकुळतीने विनवणी करीत आहेत, आणि ही विनवणी मागण्यासाठी नाही, देऊ द्यावे म्हणून आहे. असा प्रश्न मनात येतो, की मनुष्याला देण्यासाठी विनवणी केव्हा करावी लागते? समोरचा घेण्यास तयार नसेल तेव्हाच. पौलाने तसे स्पष्ट लिहिलेले नाही, हे मान्य आहे. तथापि ते शब्द वाचताना मला राहून राहून वाटते, की प्रेषितानेही प्रथम हात आखडला असावा. त्यांची दशा पाहून तोही म्हणाला असावा, "तुमचे राहू द्या."

ही वर्गणी कशासाठी होती हे थोडक्यात आठवू या. यरुशलेमेतील पवित्र जनांपैकी जे गरीब होते त्यांच्यासाठी पौल विदेशी मंडळ्यांतून मदत गोळा करीत होता. करिंथकरांना त्याने आधीच सांगून ठेवले होते, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ. १६:२). या आज्ञेत श्रीमंतांसाठी वेगळा नियम आणि गरिबांसाठी सूट असे काही नाही. एक वर्ष लोटले, करिंथकरांचा उत्साह थंडावला, आणि तेव्हा पौलाने त्यांच्यापुढे उत्तरेकडील मासेदोनियाचे उदाहरण ठेवले.

करिंथ हे शहर पैशाचे. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमी सैन्याने जुने करिंथ जमीनदोस्त केले आणि सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, यूलियस कैसराने तेथे नवी वसाहत उभारली. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेले, दोन्हीकडे बंदरे असलेले हे नगर लवकरच भरभराटीस आले. तेथे जुनी खानदानी घराणी थोडी, नव्याने वर आलेली माणसे फार. अशा गावात प्रतिष्ठा मिळविण्याचा राजमार्ग म्हणजे सार्वजनिक दान. १९२९ साली करिंथच्या नाट्यगृहाजवळ उत्खननात एक शिलालेख सापडला. एरास्त नावाच्या एका गृहस्थाने नगराचे अधिकारपद मिळाले त्याच्या बदल्यात स्वखर्चाने तेथील फरसबंदी करून दिली, असा त्याचा आशय आहे. अक्षरे खोल कोरलेली असून त्यांच्या खाचांत एके काळी धातू भरलेला होता, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत नाव चमकत राहावे. रोमकरांस पत्राच्या १६:२३ मध्ये ज्या एरास्त खजिनदाराचा सलाम आहे तोच हा की दुसरा, याविषयी विद्वानांत एकमत नाही. आपल्या प्रयोजनापुरते एवढे पुरे, की करिंथच्या विश्वासणाऱ्यांना ‘दान’ हा शब्द ऐकला की अशी फरसबंदी डोळ्यांपुढे येत असे.

अशा दात्यांसाठी ग्रीक भाषेत ‘एउएर्गेतेस’, म्हणजे उपकारकर्ता, अशी पदवी होती. मिसर देशाच्या एका प्तलमी राजाने तर ती आपल्या नावालाच जोडून घेतली. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य मोठेपणावरून वाद घालू लागले तेव्हा प्रभूने याच पदवीचा उल्लेख केला आणि तुमचे तसे नसावे असे बजावले (लूक २२:२५-२६). उपकार करू नका, असे प्रभू म्हणाला नाही. उपकाराची पदवी होते, पदवीची पायरी होते आणि त्या पायरीच्या खाली कोणीतरी उभे असावे लागते, हे त्याला नको होते.

करिंथच्या मंडळीत ही पायरी प्रभुभोजनाच्या पंक्तीपर्यंत पोहोचली होती. ज्यांना वेळेचे बंधन नाही ते आधी येऊन जेवत, आणि ज्यांच्या हाती काही नाही ते भुकेले राहत (१ करिंथ. ११:२१-२२). रोमी पद्धतीच्या जेवणाच्या दालनात तीन आसनांवर साधारण नऊ जण टेकून बसत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात. घर श्रीमंताचे, अन्न श्रीमंताचे, आणि कदाचित तो मनात म्हणतही असेल, की मी तर सर्वांसाठी घर उघडे केले आहे! उदारपणाच्या पोटात अपमान कसा वाढतो याचे याहून स्पष्ट चित्र नव्या करारात मला आढळले नाही.

आता मासेदोनियाकडे वळू. तेथील सर्वच विश्वासणारे कंगाल होते असे नाही. फिलिप्पै येथे जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया होती, तिला पाहुण्यांना ठेवून घेण्याइतके घर होते. परंतु छळाने त्या मंडळ्या पिळून निघाल्या होत्या, आणि पौलाने त्यांच्या दारिद्र्यासाठी जो शब्द वापरला आहे तो साधा नाही. कष्ट करून जेमतेम पोट भरणाऱ्या गरिबासाठी ग्रीकमध्ये एक शब्द आहे, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही अशा गरिबासाठी दुसरा. पौलाने दुसरा निवडला: ‘प्तोखेइया’, आणि तीही तळाला पोहोचलेली. यरुशलेमेतील ज्या गरिबांसाठी ही वर्गणी होती त्यांच्यासाठी रोम. १५:२६ मध्ये त्याच मुळाचा शब्द आहे. म्हणजे घेणारा आणि देणारा एकाच वर्गातले झाले. आणि सात वचने पुढे जाऊन पाहा. नवव्या वचनात प्रभू येशू धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला असे सांगताना क्रियापद पुन्हा त्याच मुळाचे आहे. पौलाने हे शब्द सहज टाकले असतील असे मला वाटत नाही. जी दशा मासेदोनियावर लादली गेली, ती आपल्या प्रभूने आपण होऊन पत्करली. मग देण्याच्या बाबतीत त्याच्या अधिक जवळ कोण उभे आहे, करिंथ की मासेदोनिया?

भाषांतरकाराला आणखी एक अडचण येते. या दोन अध्यायांत ‘खारिस’ हा एकच शब्द दहा वेळा येतो. मराठीत तो कोठे कृपा होतो, कोठे अनुग्रह, कोठे धर्मकार्य, तर कोठे आभार. प्रत्येक ठिकाणी अर्थ बरोबर बसतो, पण धागा तुटतो. देवाने मासेदोनियाला दिली ती खारिस, त्यांनी देऊ द्या म्हणून मागितली ती खारिस, ख्रिस्ताने केली ती खारिस, आणि अखेरीस देवाचे आभार मानले तीही खारिस. गरिबाचे दान परत करणारा मनुष्य केवळ पाच रुपये परत करीत नाही. या साखळीतून तो त्या माणसाला वगळतो. व्हरांड्यातील टेबलावर बसून मी तेच करीत होतो आणि त्याला दया समजत होतो.

याहून नवल पुढच्या अध्यायात आहे. ९:१२ मध्ये या वर्गणीला पौल ‘लेइतुर्गिया’ म्हणतो. आपण हा शब्द उपासनाविधीसाठी वापरतो. परंतु जुन्या ग्रीक नगरांत लेइतुर्गिया म्हणजे धनवान नागरिकांनी स्वतःच्या खर्चाने करावयाची सार्वजनिक सेवा: कोणी युद्धनौका सज्ज करून द्यावी, कोणी उत्सवातील गायकवृंदाचा खर्च उचलावा. अथेन्समध्ये हा मान सामान्य माणसाच्या वाट्याला कधी येत नसे. पौलाने श्रीमंतांच्या दालनातील तो मानाचा शब्द उचलला आणि हातावर पोट असलेल्यांच्या चार नाण्यांवर ठेवला. रोम. १५:२७ मध्ये क्रियापदाच्या रूपाने, आणि फिलिप्पैकरांच्या मदतीविषयी लिहितानाही (फिलिप्पै. २:३०) तोच शब्द आहे. एरास्ताची फरसबंदी आणि मासेदोनियातील विणकराचे नाणे यांना त्याने एका नावाने हाक मारली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अलीकडे काही प्रवचनांतून मी ऐकतो, की शास्त्रज्ञांनीही आता सिद्ध केले आहे, गरीब हेच खरे उदार आणि श्रीमंत कंजूष. ज्या संशोधनाचा आधार घेतला जातो ते २०१० साली कॅलिफोर्नियातील काही मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. त्यांच्या चार अभ्यासांत खालच्या वर्गातील लोक अधिक उदार व मदतीस अधिक तत्पर आढळले, हे खरे. परंतु त्याच लेखात असेही आहे, की करुणा जागविणारे चित्रण दाखविल्यावर वरच्या वर्गातील लोकही तितकेच मदतीस पुढे झाले. पुढे २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील फार मोठ्या संख्येची माहिती तपासली तेव्हा निष्कर्ष बव्हंशी उलट निघाला. नेदरलँड्समध्ये तर एक मार्मिक प्रयोग झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. आत पैसे आहेत हे बाहेरून दिसेल अशी पाकिटे ‘चुकून’ परक्याच घरांत टाकण्यात आली. श्रीमंत घरांतून ती दुपटीहून अधिक प्रमाणात परत आली. पण संशोधकांनी पुढे जाऊन सांगितले, की हा फरक मनाच्या चांगुलपणाचा नव्हे. पैशाची निकड आणि तिचा ताण यांचा हिशेब धरला तर दोन्ही वर्ग परोपकारबुद्धीत सारखेच.

हे वाचून मला समाधान वाटले, कारण शास्त्राचेही असेच आहे. दारिद्र्य आपोआप पवित्र करते असे बायबल कोठेही म्हणत नाही. ‘गरीब बिचारे किती मोठ्या मनाचे असतात’ हे वाक्य बहुधा श्रीमंतांच्या तोंडी असते, आणि ते सोयीचे असते: त्यांचे मन मोठे आहे, मग त्यांचे वेतन वाढविण्याची घाई कशाला?

म्हणूनच मार्काच्या बाराव्या अध्यायातील विधवेची गोष्ट तिच्या जागेवर वाचली पाहिजे. आपण ती दानार्पणाच्या रविवारी सुटी काढून वाचतो. टोली हे त्या काळचे सर्वांत लहान नाणे. दोन टोल्या म्हणजे एका दिनाराचा, अर्थात मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा, चौसष्टावा भाग. रोज ६४० रुपये धरला तर दहा रुपये. मंदिराच्या भांडारात तुतारीच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या असे यहूदी परंपरा सांगते. अशा पेटीत दोन टोल्या पडल्या तर आवाज तो काय होणार? पण गोष्टीच्या लगेच आधी प्रभू कोणाविषयी बोलत आहे ते पाहा: विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी. आणि लगेच नंतर मंदिराच्या भव्य दगडांकडे बोट दाखविणाऱ्या शिष्याला तो सांगतो, की यातला चिरा चिऱ्यावर राहणार नाही. मधोमध ही बाई उभी आहे. तिने टाकले त्यासाठी मार्काने वापरलेला शब्द ‘बिओस’ आहे. त्याचा अर्थ उपजीविकाही होतो आणि जीवनही. प्रभूने तिची वाखाणणी केली यात शंका नाही. पण जिचे घर गिळले गेले तिच्याच शेवटच्या नाण्यावर उभ्या असलेल्या त्या इमारतीचीही त्याने त्याच घटकेला झडती घेतली. हे दुसरे अंग सोडून आपण पहिलेच सांगत राहिलो तर आपणही त्या शास्त्र्यांच्या रांगेत बसतो.

वाचकहो, आपण स्वतःस कोणत्या वर्गात धरतो? हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण नोकरीपेशातील आहेत. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी शाळा-दवाखान्यांत, नागपूरपासून हैदराबादेपर्यंत, इंदूरपासून दिल्लीपर्यंत. आपल्यापैकी अनेकांच्या खापरपणज्या १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्नछत्राच्या रांगेत उभ्या होत्या. गावकुसाबाहेरून आलेल्या घराण्यांना तर दुष्काळ नसतानाही रांगेतच उभे केले जाई. तीनचार पिढ्यांत देवाने आपल्याला टेबलाच्या दुसऱ्या बाजूस आणून बसविले. तिकडे बसल्याबरोबर आपण प्रथम काय केले, तर वही उघडली आणि रकाने पाडले. ज्यांना घेण्याची लाज काय असते हे रक्तातून ठाऊक असावयास हवे, तेच ती लाज वाटू लागले. हे मी इतरांना उद्देशून लिहीत नाही; ती वही माझ्या हस्ताक्षरात होती.

वेगळे काही शक्य आहे काय? मिझोराममधील आपल्या बंधुभगिनींनी १९१० साली एक रीत सुरू केली, ती आजही चालू आहे. तिला ते ‘बुहफाई थाम’ म्हणतात. घरात भात शिजवावयास घेताना गृहिणी प्रत्येक वेळी त्यातून मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढते. मंडळीच्या स्त्रिया तो गोळा करतात आणि त्याच्या विक्रीतून सुवार्तेचे कार्य चालते. तांदूळ विकत आणणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरीही मूठच, आणि डोंगरउतारावर धान पिकविणाऱ्याच्या घरीही मूठच. मुष्टिफंड हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. मला यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते: सारा तांदूळ एकाच टोपलीत पडतो. कोणाची मूठ कोणती हे कोणालाही सांगता येत नाही, धातू भरावयास अक्षरे उरत नाहीत. जिच्या घरचे डबे रिकामे होत आले आहेत तिलाही देणाऱ्यांतून कोणी वगळत नाही.

पौलाने २ करिंथ. ८:१३-१४ मध्ये ‘इसोतेस’, समानता, हा शब्द दोनदा वापरला आहे. आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, म्हणजे उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. करिंथच्या श्रीमंताला हे ऐकून हसू आले असेल. यरुशलेमेतील कंगालांची विपुलता माझ्या कोणत्या उपयोगाची? पण पौल गंभीर आहे. मिळवतेपणा हा त्याच्या दृष्टीने वर्ग नव्हे, ऋतू आहे. आणि रानातील मान्न्याचा दाखला देऊन तो सुचवितो, की साठविलेल्याला किडे पडतात. ज्याला आपल्याला कधी कोणाकडून घ्यावे लागेल असे वाटतच नाही, त्याचे देणे अजून एरास्ताच्या फरसबंदीवरच चालते आहे. आपल्या मंडळीतील भांडीवालीकडून, झाडूवाल्याकडून, पहारेकऱ्याकडून आपण शेवटचे काय घेतले? मोबदला देऊन घेतलेले नव्हे. खरोखर घेतलेले, हात पुढे करून, आभार मानून. मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बराच वेळ लागला आणि जे सापडले ते फार जुने होते. विद्यार्थीदशेत मी विषमज्वराने पडलो असता कोणीतरी आठ दिवस पेजेचा डबा आणून देत असे. डबा पितळेचा, झाकण दुसऱ्याच डब्याचे. आणणारी हीच मावशी होती. भूकंपाच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. मी पेज प्यालो, बरा झालो, आणि पुढच्या वर्षी तिला सांगितले, की तुमचे राहू द्या.

मासेदोनियाच्या औदार्यासाठी ८:२ मध्ये ‘हाप्लोतेस’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ एकेरीपणा, साधेपणा. ज्या वस्त्राला दुसरी घडी नाही असे मन. तिने पेज आणली तेव्हा तिच्या मनाला दुसरी घडी नव्हती, आणि नोट पुढे केली तेव्हाही नव्हती. घड्या माझ्याच मनाला होत्या.

तिने तसे विचारल्यावर मी नोट घेतली हे सांगावयास हवे. वहीत नाव लिहिले, पुढे रुपये पाच. तिने ते वाचता येत नसतानाही वाकून पाहिले आणि बोट ठेवून खात्री करून घेतली, की ओळ तिचीच आहे. महिनाअखेरीस वर्गणी पाठविण्यात आली आणि देणगीदारांची यादी उपासनेत वाचण्याचे काम मजकडे आले. वेळ फार लागतो म्हणून पन्नास रुपयांखालील नावे वाचावयाची नाहीत असा मंडळीचा जुना नियम होता. ती तिसऱ्या बाकावर नातवंडांना दोन्ही बाजूंना घेऊन बसली होती. पन्नासचा आकडा असलेले शेवटचे नाव मी वाचले, ‘आणि इतर’ असे म्हटले, आणि वही मिटली.